काउंटरवरून उचललेली बॅटरी

कुणी बॅटरी पुढे केली की काका ती लगेच घेत नसत. आधी हात पँटला पुसत. मग ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेत आणि अंगठ्याचं नख तिच्या प्लास्टिकच्या वेष्टनावरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवत. भाजीवाल्याकडे भेंडी निवडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जो अविश्वास असतो ना, तोच त्यांच्या चेहऱ्यावर असे. मग म्हणत, "मीटर आधी, बोट नंतर. घाई कुणाला आहे?"

घाई सगळ्यांनाच असे. मँचेस्टरच्या उत्तरेकडे, ट्रामच्या शेवटाकडच्या एका स्टॉपसमोर ते व्हेपचं, म्हणजे सिगारेटऐवजी ओढायच्या वाफेच्या यंत्रांचं, छोटं दुकान होतं. लोक ट्रामच्या वेळेवर डोळा ठेवूनच आत यायचे. काकांवर त्याचा काही परिणाम होत नसे.

दुकान डेबी नावाच्या बाईचं. काका तिथे आठवड्यातून तीन दिवस काम करत. सत्तरी गाठलेली, अंगाने बारीक, शर्टाच्या खिशाला कायम एक लहान स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. सत्तरच्या दशकात कोल्हापूरहून भावाकडे आले आणि पुढची तीस वर्षं बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. आम्ही मराठी मंडळातले लोक त्यांना काका म्हणायचो, ते ऐकून डेबीही काका म्हणू लागली. बरेच दिवस तिला ते त्यांचं नावच वाटत होतं. एका नवीन गिऱ्हाईकाने विचारलं तेव्हा तिने खुशाल सांगितलं, "मिस्टर काका, आमचे एक्स्पर्ट." काकांनी दुरुस्त केलं नाही. "बायको गेल्यापासून मिस्टर कुणी म्हटलंच नव्हतं," एवढंच म्हणाले.

मी त्या दुकानात प्रथम गेलो तो सिगारेट सोडायला. पुण्याहून व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला, दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी, आणि घरात तीन वर्षांची मुलगी. सई बोलायला लागली तेव्हा माझ्या कपड्यांचा वास घेऊन "बाबा, छी" म्हणायची. माझी बायको केतकी काही म्हणत नसे. तिने माझं जॅकेट दाराबाहेर टांगायला सुरुवात केली होती.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या बायकोने वीस वर्षं सांगितलं, मी सोडली नाही. ती गेल्यावर सहा महिन्यांत सोडली. याला काही अर्थ आहे का? तू जरा आधी सोड."

शनिवारी सकाळी दुकानाच्या मागच्या बाजूला ते नवशिक्यांना कॉइल, म्हणजे यंत्रातल्या रसाची वाफ करणारं तारेचं वेटोळं, करायला शिकवायचे. एक लांब लाकडी बाक, तीन स्टुलं, वर एक पांढरा दिवा. आम्ही दोघंतिघं शाळकरी मुलांसारखे खांद्याला खांदा लावून बसायचो. बारीक तार तीन मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळायची, सहा वेढे, एकाला एक लागून. दोन्ही टोकं स्क्रूखाली घट्ट बसवायची आणि उरलेली तार अगदी मुळाशी कापायची, कारण एक कुसळ जरी बाजूच्या धातूला लागलं तरी शॉर्ट. मग मीटरवर तारेचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, बघायचा. आकडा स्थिर दिसल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. दिसला, की बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं. तार मधून लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही कडांकडे सरकायला हवी. एका कडेनेच पेटली तर चिमट्याने हलकेच दाबून वेढे सारखे करायचे आणि पुन्हा बघायचं.

मी पहिल्यांदा केली तेव्हा मीटर न बघताच बटणावर बोट नेलं. काकांनी माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"इंजिनियर ना तू?"

"सॉफ्टवेअर, काका."

"तरीच. तुमचं बिघडलं तर बंद करून परत चालू करता. याला तसं जमत नाही. हे खेळणं नाही आणि बॉम्बही नाही. वस्तू आहे. तिच्याशी वस्तूसारखं वाग."

तेव्हापासून मी 'इंजिनियर' झालो.

शेवटी कापूस भरायचा. तो भाग त्यांच्या आवडीचा. कापूस बोटांवर असा वळायचे की मला आमच्या देवघरातल्या वाती आठवायच्या. "फार कोंबू नको, रस चढत नाही. फार सैल ठेवू नको, जळतो. माझ्या आईने वाती वळायला शिकवलं ते इथे येऊन कामाला आलं. तिला सांगितलं असतं तर तिने मला बदडलं असतं," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

त्यांच्याकडे दोन गोष्टींना माफी नव्हती. ज्यात कसलंही संरक्षण नसतं, बटण थेट बॅटरीला जोडलेलं असतं, असं यंत्र ते नवशिक्याला देत नसत. डेबीचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आणि सुटी बॅटरी खिशात ठेवलेली दिसली की ते त्या माणसाला गिऱ्हाईक समजत नसत, अपराधी समजत. बिलाबरोबर एक प्लास्टिकची डबी फुकट द्यायचे. मलाही दिली. घरी ती सईला सापडली, तिने तिच्यात आपल्या केसांच्या क्लिपा भरल्या, आणि मी ती परत मागितली नाही.

का मागितली नाही, ते सांगतो. केतकीला वाटत होतं की मी सगळंच सोडलं आहे. सिगारेट सुटली त्या दिवशी तिने शिरा केला होता, आईला फोन करून सांगितलं होतं. "आता हे वाफेचं तेवढं आहे" असं सांगायला तेव्हा माझी जीभ रेटली नाही, आणि मग रोज ते आणखी अवघड होत गेलं. डबी कशाची म्हणून सांगणार? मी यंत्र आणि बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचो आणि जॅकेट आता घरात टांगलं जात होतं.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी मी काकांना बॅटऱ्या दाखवल्या. त्यांचं नख एका ठिकाणी अडकलं.

"हे बघ. नखाएवढं फाटलंय. या कागदाखाली सगळं अंग निगेटिव्ह असतं. वरचं टोक पॉझिटिव्ह. खिशातली किल्ली एकदम दोन्हीला लागली की संपलं. मंगळवारी नवी वेष्टनं येतायत, चढवून देतो. ठेवून जा."

त्यांनी ती काउंटरवर बाजूला ठेवली आणि मागच्या फडताळातून दुसऱ्या कुणासाठी तार काढायला वळले. माझ्याकडे उरलेली एकच बॅटरी दिवसभर पुरत नसे. मी विचार केला, मंगळवारपर्यंत काय होतंय. काका पाठमोरे होते. मी ती उचलली आणि खिशात टाकली.

बुधवारी त्यांचा फोन आला. "इंजिनियर, ती बॅटरी तू नेलीस का रे? इथे दिसत नाही."

"नाही काका," मी म्हणालो. "तिथेच असेल."

इतकं सहज म्हणालो की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दुपारचे साडेबारा. श्रीखंड-पुरीच्या रांगा लागल्या होत्या आणि काका स्टेजपाशी माइकची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होते. मंडळाचं लाइट, साउंड, एक्स्टेंशन सगळं तेच बघायचे. सई माझ्या मांडीवर बसली होती. मग तिला मैत्रीण दिसली आणि ती उतरून पळाली. मी गाडीतून तिची पाण्याची बाटली आणावी म्हणून उठलो आणि गाडीची किल्ली जॅकेटच्या त्याच खिशात टाकली, कारण दुसऱ्या हातात ताट होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेलच. आधी गरम लागलं. मग फटाक्याच्या वातीसारखा फुस्स आवाज आणि छातीखालून, खिशाच्या शिवणीतून, पांढरा धूर. मी मूर्खासारखा हात आत घातला. ज्वाला बाहेर आली तेव्हा कुणीतरी किंचाळलं.

एवढ्या लोकांत फक्त एक माणूस हलला. काकांनी माझं जॅकेट मागून ओढून काढलं, जमिनीवर टाकलं, पोछ्याच्या काठीने ढकलत ढकलत फायर एक्झिटच्या दारातून बाहेर डांबरावर नेलं. परत आले आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेऊन माझा हात नळाखाली धरला. ओला टॉवेल बरगडीवर. "वीस मिनिटं. हात काढायचा नाही," आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

केतकी सईला कडेवर घेऊन दारात आली. सई रडत होती. मागे मंडळाचे अध्यक्ष, दोन-तीन बायका.

"तुझ्या खिशात काय होतं?" केतकीने विचारलं. "हे व्हेपचं आहे ना? सई आत्ता तुझ्या मांडीवर होती."

मला खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. तो मला आजही स्पष्ट आठवतो. नळाचं पाणी, स्टीलचं सिंक, काकांची माझ्या मनगटावरची पकड.

"काकांनी दिली होती बॅटरी," मी म्हणालो. "त्यांनीच चेक केली होती. म्हणाले, सेफ आहे."

मनगटावरची पकड सैल झाली नाही. काका माझ्याकडे बघत होते, मी नळाकडे. मग ते म्हणाले, "अजून अकरा मिनिटं."

हात आणि कूस भाजली होती, महिनाभरात बरी झाली. बाकीचं तसं लवकर बरं झालं नाही. केतकी हिशेबी बाई आहे, रागही नीट करते. तिने डेबीला पत्र लिहिलं, कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, तक्रार केली. मंडळाकडेही शाळेने खुलासा मागितला. मी तिच्या शेजारी बसून पत्रातलं एक वाक्यही सुधारलं: 'स्वतः तपासून दिली' असं तिने लिहिलं होतं, त्याचं इंग्रजी मला जास्त चांगलं येत होतं.

त्या आठवड्यात काकांचा एकदा फोन आला. स्क्रीनवर 'काका व्हेप' असं नाव उमटलं. मी फोन पालथा घातला. पुन्हा आला नाही.

कौन्सिलचा माणूस दुकानात येऊन गेला आणि शनिवारचं बाक बंद झालं. मग काकांचे तीन दिवसही. मंडळाने ठरवलं की लाइट-साउंडसाठी यापुढे बाहेरून माणूस आणायचा, इन्शुरन्सच्या दृष्टीने ते बरं. गणपतीत दोन तरुण गोरे मुलगे आले, त्यांनी आरतीच्या मध्येच माइक बंद पाडला. कुणीतरी म्हणालं, काका असते तर. मी प्रसादाचा द्रोण हातात धरून उभा होतो. काका मुलीकडे ग्लासगोला राहायला गेल्याचं मला तिथेच कळलं.

मला त्यांच्या जाण्याने सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, म्हणून इथे लिहितो. दोन-तीन आठवडे मी खरोखर छान झोपलो.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ट्राम चुकली म्हणून मी त्या दुकानात शिरलो. का शिरलो ते सांगता येत नाही. डेबी एकटीच होती. तिने माझ्याकडे बघितलं, हात कसा आहे विचारलं. मग म्हणाली, "काकांनी कौन्सिलला सांगितलं, माझ्या नजरेतून सुटलं असेल, वय झालं. त्यांच्या नजरेतून? एका फाटक्या बॅटरीसाठी त्या माणसाने माझी अख्खी पेटी परत पाठवली होती."

मी काउंटरवरच्या डब्या सारख्या करू लागलो.

"आणि ती आग लागली त्याआधी," ती म्हणाली, "ते इथे टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडले होते, लव्ह. सत्तरीचा माणूस. काउंटरखाली, फ्रीजखाली. एक खराब बॅटरी हरवलीय म्हणाले, कुणाच्या तरी हाती लागेल. दोन दिवस शोधत होते. मी म्हटलं, ज्याची आहे त्याला विचारा. तर म्हणाले, विचारलं, तो नाही म्हणतोय, म्हणजे इथेच असणार."

मला वाटतं, मी तिथेच एका खोक्यावर बसलो. तो फोन मी विसरलोच होतो. काकांनी माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवून दोन दिवस जमीन चाचपली होती.

त्या संध्याकाळी सई टीव्ही बघत असताना मी केतकीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. उचललेली बॅटरी, बुधवारचा फोन, नळाखालचं वाक्य. ती कणीक मळत होती. मळायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने हात धुतले आणि म्हणाली, "पत्र मी लिहिलं. माझ्या सहीने. तू शेजारी बसला होतास."

"हो."

"मंडळाला सांग. सगळ्यांसमोर. त्यांचं नाव सगळ्यांसमोर गेलंय. मग त्यांच्याकडे जा. आधी त्यांच्याकडे जाऊन हळूच माफी मागून येशील आणि इथे गप्प बसशील. मी ओळखते आता तुला."

नोव्हेंबरच्या वार्षिक सभेला पंचवीसेक माणसं होती. मी उभा राहून सांगितलं. वाटलं होतं, कुणी ओरडेल. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि "हे बरं केलंत सांगून" म्हणाले. एक बाई पुटपुटली, "आता कशाला उकरायचं?" मग पुढचा विषय, हॉलचं भाडं. ओरडले असते तर जास्त सोपं गेलं असतं. केतकीने कौन्सिलला नवीन पत्र पाठवलं. यावेळी इंग्रजी तिने स्वतःच लिहिलं.

डिसेंबरात मी ग्लासगोला गेलो. डेबीकडून पत्ता घेतला होता, आणि काकांच्या मुलीला आधी फोन केला होता. ती तिथे हॉस्पिटलात नर्स आहे. दगडी जुनी इमारत, तिसरा मजला. दार तिनेच उघडलं. "बाबा आत आहेत. त्यांनी तुमची वाट बघितला," ती मोडक्या मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत, हलक्या आवाजात: "म्हणजे आज नाही. आधी. खूप दिवस."

काका खिडकीपाशी बसले होते. आणखी बारीक झालेले. हाताला कंप होता आणि खिशाला स्क्रूड्रायव्हर नव्हता. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

"बस," म्हणाले. "बोल."

मी बोललो. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. चहा आला, तो दोघांनीही घेतला नाही.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी शेवटी विचारलं.

"पोर रडत होती. बायको दारात. तेव्हा काय भांडायचं?"

"आणि नंतर? कौन्सिलला तुम्ही तुमचीच चूक म्हणालात."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी वाट बघत होतो, इंजिनियर. म्हटलं, हात बरा झाला की येईल. फोनपण केला. मग तो कौन्सिलवाला आला, वही उघडून बसला, आणि मला असा संताप आला... म्हटलं, लिही बाबा, माझी चूक. रागाने म्हणालो. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. तसं समजून जाऊ नकोस."

"नाही समजणार."

"तीस वर्षं डेपोत होतो. माझ्या हाताखाली कुणाला चटका बसला नाही. एकालाही नाही." त्यांनी कापरा हात दुसऱ्या हाताने धरला. "ते तेवढं होतं माझ्याकडे."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. काही वेळाने मी विचारलं, "काका, माफ कराल का?"

त्यांनी खरोखर विचार केला; ते कुठल्याच प्रश्नाला घाईने उत्तर देत नसत. "माहीत नाही," म्हणाले. "अजून तरी नाही वाटत. पण आलास ते बरं झालं. पोरगी कशी आहे? शाळेत जाते का?"

मग आम्ही सईबद्दल बोललो. ती डाव्या हाताने लिहिते हे ऐकून त्यांना फार मजा वाटली.

निघालो तेव्हा चार वाजले होते आणि बाहेर अंधार पडला होता. त्यांची ती शेवटची भेट. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. मी पुन्हा येतो असं त्या दिवशी म्हणालो होतो, तेही राहूनच गेलं.

त्या दिवशी जिन्यातला दिवा गेलेला होता. काका दारापर्यंत आले. "कौन्सिलला तीनदा सांगितलं," चिडून म्हणाले. "मी बदलतो म्हटलं तर हात लावायचा नाही म्हणतात. पायऱ्या झिजल्यात. कठड्याला धरून जा."

मी उतरू लागलो. त्यांनी घराचं दार सताड उघडं धरलं होतं, म्हणजे आतला उजेड जिन्यात पडेल. पहिल्या वळणानंतर ते दिसेनासे झाले, पण उजेड होता. दुसऱ्या वळणाला थोडा पुसट झाला, तरी पायरी दिसत होती. अगदी खाली पोहोचून मी रस्त्याचं जड दार ओढलं तेव्हा कुठे वर, तिसऱ्या मजल्यावर, कडी लागल्याचा आवाज आला.